चुकली की चुकवली

परवा आमच्या शाळेच्या स्टाफ ग्रुपवर कुणीतरी मिसचा जुना फोटो टाकला. ॲन्युअल डेचा. करडा लांब स्कर्ट, पांढरा ब्लाउज, काखेत छत्री आणि कॅमेऱ्याकडे अशी नजर, की चूक फोटो काढणाऱ्याचीच आहे. तासाभरात खाली मेसेजची रांग लागली. ‘मिस यू मिस.’ ‘मिस यू सो मच मिस.’ ‘वुई ऑल मिस यू मिस.’ एका नव्या टीचरला वाटलं बाई गेल्या. तिने पांढरं फूल आणि जोडलेले हात टाकले. त्या फुलाला नऊ जणांनी अंगठे दाखवले.

मी फोन सोफ्यावर आपटला. नवऱ्याने विचारलं, “काय झालं? कोण गेलं?”

“कोणी नाही,” मी म्हटलं, “तेच तर.”

मिस जिवंत आहेत. पापडीला राहतात, चर्चच्या मागच्या आळीत. आमच्या शाळेपासून रिक्षाने फार तर अर्धा तास. ज्यांना त्यांची एवढी आठवण येते, त्यांच्यातलं एक माणूस त्या आळीत गेलेलं नाही. मला माहीत आहे, कारण मी एकेकाला विचारलंय. कुणाच्या मुलाची दहावी, कुणाचे गुडघे, कुणाला पापडी म्हणजे लंडन वाटतं. आणि मिसना हे मेसेज दाखवले असते, तर त्या चिडल्याही नसत्या. चष्मा वर सरकवून त्यांनी फक्त विचारलं असतं, “कुठला मिस?”

हा त्यांचा प्रश्न. सदतीस वर्षं हाच.

आमच्या शाळेत बाई म्हणायची पद्धत नव्हती. इंग्लिश मीडियम. लग्न झालेली, न झालेली, विधवा, दोन नातवंडांची आजी, फळ्यासमोर उभी राहिली की ती मिस. गणिताच्या मिस, पीटीच्या मिस, शिवणाच्या मिस. पण नुसतं ‘मिस आल्या’ म्हटलं, की कॉरिडॉर रिकामा व्हायचा. त्या एकच होत्या. त्यांचं नाव कित्येक मुलांना दहावी होईपर्यंत माहीत नसायचं, आणि मलाही ते इथे लिहायचं नाही.

माझे वडील कणकवलीकडचे. नालासोपाऱ्यात वन रूम किचन घेतलं तेव्हा हप्त्यांपेक्षा त्यांना माझ्या इंग्रजीची काळजी जास्त. सातवीत मला या शाळेत घातलं. पहिल्याच आठवड्यात मी उशिरा पोचले आणि दारात उभी राहून पाठ केलेलं वाक्य म्हटलं, “मिस, आय मिस्ड द बस, मिस.”

मिसनी खडू खाली ठेवला. “एका वाक्यात तीनदा. कुठला कुठला, ते सांग.”

वर्ग हसला. मला काही कळेना. मग त्यांनी फळ्यावर एक मोठा एम काढला, एक छोटा. “मोठ्या एमची मी. ती राहू दे. छोट्या एमचं काय ते सांग. मराठीत सांग. बस चुकली, की तू चुकवलीस?”

आता खरं सांगायचं तर त्या दिवशी पहिल्या तासाला गणिताची टेस्ट होती आणि मी स्टॉपच्या मागे पेरूवाल्याजवळ उभी राहून बस जाऊ दिली होती. हे या बाईंना कसं कळलं? त्यांना काहीच कळलेलं नव्हतं. त्या सगळ्यांनाच विचारायच्या.

“चुकली असेल तर जागेवर बस,” मिस म्हणाल्या. “चुकवली असशील तर उभी राहा. मी काही बघायला येणार नाही.” आणि फळ्याकडे वळल्या.

मी उभी राहिले. पूर्ण तास. तास संपल्यावर जाता जाता त्यांनी छत्रीच्या टोकाने माझ्या बाकावर टकटक केलं आणि म्हणाल्या, “उद्यापासून गणिताला वेळेवर ये.”

असा तो शब्द आमच्या वर्गात वर्षभर फिरला. कुणी म्हणे, मिस, कॅच मिस झाला. मिस म्हणत, हातातून सुटला, की बघतच नव्हतास? कुणी म्हणे, आजीला मिस करतो. आठवण येते म्हण, त्याला चार अक्षरं जास्त लागली तरी चालतील. कुणाचा धडा मिस झाला. राहिला की वगळलास? त्यांचं म्हणणं असं, की मराठीत बस चुकते, नेम हुकतो, घास राहतो, आठवण येते, माणूस हरवतो. प्रत्येकाला आपला आपला शब्द आहे. “इंग्रजांनी हे सगळं एका पिशवीत कोंबलं. त्यांची पिशवी, त्यांना आत काय आहे माहीत असतं. तुम्ही उघडून बघितल्याशिवाय घेऊ नका.”

इंग्लिश मीडियमच्या शाळेत इंग्रजीच्या तासाला एवढं मराठी बोलणं मॅनेजमेंटला खपायचं नाही. दर वर्षी तोंडी समज मिळायची. मिस ऐकून घ्यायच्या आणि दुसऱ्या दिवशी तेच करायच्या.

मुलं त्यांची नक्कल करायची. रोज पहाटे चर्चमधला मिस्सा झाल्याशिवाय त्या शाळेत यायच्या नाहीत, म्हणून मुलांनी म्हण केली होती, ‘मिस मिस्सा मिस करत नाही.’ त्यांच्या कानावर गेली. त्यांनी वर्गात येऊन ती फळ्यावर लिहिली आणि शेवटच्या तीन शब्दांखाली रेघ मारली. “इथे ‘चुकवत नाही’ हवं. चुकायला काय, पाय घसरून पडले तरी चुकेल.”

पुढे मी बीएड करून त्याच शाळेत लागले. विद्यार्थिनी म्हणून जी बाई भीतिदायक वाटली होती, ती सहकारी म्हणून तापदायक वाटू लागली. हे मी लपवणार नाही. स्टाफरूममध्ये पहिल्या पावसाळ्यात मी एकदा म्हटलं, “मिस, मी तुम्हाला मिस कॉल दिला होता.” त्या म्हणाल्या, “म्हणजे तुला बोलायचं होतं, पण बोलण्याची सुरुवात मी करायची होती.” मी हसून सोडून दिलं. त्यांच्या रिक्षावाल्याने एकदा गेटवर उशीर झाल्याबद्दल सांगितलं, “मिस, गाडी मिसिंग मारते सकाळपासून.” त्यावर पाच मिनिटं चौकशी. मिसिंग म्हणजे काय होतं? कुठे ठिणगी पडत नाही? तुला ते कानाने कळतं का? शेवटी खूश होऊन आत आल्या आणि आम्हाला सांगितलं, “इंजिनाचा एक ठोका राहून जातो, त्याला मिसिंग मारणं म्हणतात. त्या माणसाला तो राहिलेला ठोका ऐकू येतो. तुम्हाला हजेरी घेताना येतो का?”

अशा बोलण्याचा कंटाळा येतो. आम्हाला यायचा. डबे उघडलेले असायचे, वीस मिनिटांची सुट्टी, आणि ही बाई पाव-केळं खात शब्द सोलत बसलेली.

एकदा नव्या लागलेल्या एका टीचरने कोपऱ्यात माझ्या कानाशी म्हटलं, “माझी ह्या महिन्यात मिस झालीय गं.” मिसना ऐकू गेलं. आता ही विचारणार, कुठला मिस. त्यांनी काही विचारलं नाही. डबा बंद केला, उठल्या, नोटीस बोर्डवरचा ग्राउंड ड्यूटीचा तक्ता काढला आणि त्या टीचरच्या नावावर काट मारून स्वतःचं नाव लिहिलं. मार्चपर्यंत. वर्षभर छत्री बाळगणाऱ्या साठीला आलेल्या बाईने दोन महिने भर उन्हात तिसरीच्या पोरांना खो-खो खेळवला.

आणि त्यांच्या लग्नाचा विषय. तो तर सगळ्यांचा लाडका. कमिटीवरचे एक गृहस्थ मीटिंगनंतर चहा पिताना म्हणायचे, “मिस राहिल्या म्हणून अशा झाल्या.” हसायचे सगळे. मीसुद्धा. बँकेत एकदा मी त्यांच्याबरोबर गेले होते; काउंटरवरच्या मुलाने फॉर्म भरता भरता विचारलं, “मिस की मिसेस?” मिस म्हणाल्या, “मिस. आणि ती बस मी चुकवलीय, चुकली नाही. तसा काही रकाना आहे का?” तो मुलगा बिचारा कॉम्प्युटरमध्ये शोधायला लागला.

शाळेत त्यांचं पटायचं ते एकाच व्यक्तीशी. भारती. शाळेच्या दोन नंबरच्या बसवर मुलांना चढवायची-उतरवायची. पस्तिशीतली, अंगाने बारीक, आवाज मात्र बंदरावरचा. माहेर अर्नाळ्याचं. नवरा वापीला वॉचमन, महिन्यातून दोनदा यायचा. भारती पुढच्या दाराच्या पायरीवर उभी राहून स्टॉपागणिक नावं पुकारायची, आणि नाव पुकारलं की ते पोर झोपलेलं असलं तरी उठून दप्तर शोधायचं. तिला सगळे भारती म्हणायचे, केजीची पोरंसुद्धा. एकट्या मिस तिला भारतीबाई म्हणायच्या. उन्हाळ्यात तिच्यासाठी पापडीहून केळी आणायच्या. ती यांच्यासाठी सुका जवळा आणायची, वर्तमानपत्रात बांधून. सगळ्या स्टाफरूमला वास. आम्ही नाकं मुरडायचो.

एका शुक्रवारी भारती शेवटची फेरी करून, बस लागल्यावर खोलीकडे चालत निघाली. सोमवारी आली नाही. मंगळवारी आली नाही. तिचा फोन बंद होता.

नॉन-टीचिंग स्टाफचा मस्टर तेव्हा माझ्याकडे होता. मी दोन दिवस ‘ए’ लिहिला. बुधवारी सकाळी प्रिन्सिपॉल सरांनी केबिनमध्ये बोलावलं. बसवर कुणी नाही, पालकांचे फोन येतायत, एजन्सीकडून दुसरी बाई उद्यापासून येते आहे. “हिचं काय करायचं, सर?” मी विचारलं. “न सांगता गेली ना? लेफ्ट लिहा,” ते म्हणाले. “आणि तारीख शुक्रवारची टाका.”

मी लिहिलं. लाल पेनाने, नावापुढच्या सगळ्या चौकोनांवरून एक आडवी रेघ आणि त्यावर ‘लेफ्ट’. अर्धं मिनिट लागलं असेल. माझ्या मनात काय होतं सांगू? नवव्या तासाच्या आत सायन्स एक्झिबिशनची यादी द्यायची होती, ते होतं.

त्याच दुपारी भारतीची आई आली. डोक्यावरून पदर, हातात पिशवी, चपला गेटबाहेर काढून आलेली. लेकीने रविवारी येते म्हणून सांगितलं होतं, आली नाही. जावयाला फोन केला तर तो म्हणे, तुमच्याकडेच असेल. शिपायाने तिला ऑफिसमध्ये आणलं. क्लार्कने मस्टर उघडून सांगितलं, “आजी, ती काम सोडून गेली.” मिस काही कागद घ्यायला तिथे आल्या होत्या. त्यांनी मस्टर आपल्याकडे फिरवला.

“हे अक्षर तुझं,” स्टाफरूममध्ये येऊन त्या मला म्हणाल्या.

“हो मिस. सरांनी सांगितलं.”

“सरांना कुणी सांगितलं?”

“अहो, आली नाही ना ती. असेल कुठेतरी. नवऱ्याकडे गेली असेल.”

“नवऱ्याकडे नाही, आईकडे नाही, इथे नाही. मग गेली कुठे हे तुला कसं माहीत?” त्यांचा आवाज खाली गेला होता. राग आला की त्यांचा आवाज असा खाली जायचा. मी म्हटलं, माझा तास आहे. आणि गेले.

मिस भारतीच्या आईला घेऊन चौकीवर गेल्या. पुढचं मला त्यांच्याबरोबर गेलेल्या शिपायाकडून कळलं, मिसनी स्वतः कधी सांगितलं नाही. तिथल्या माणसाने भारतीचं वय विचारलं, नवरा काय करतो विचारलं, आणि पेन खाली ठेवलं. “गेली असेल कुणाबरोबर. आठ दिवसांनी येते परत. आमच्याकडे रोज येतात अशा.”

“मिसिंग लिहून घ्या,” मिस म्हणाल्या.

“तुम्ही कोण?”

“मी तिच्या शाळेत शिकवते.”

“नाव काय? मिस की मिसेस?” मग मागच्या टेबलाकडे बघून, “मिस आहेत. मग मॅडम, तुम्हाला काय कळणार नवरा-बायकोचं.” मागचं टेबल हसलं. मग त्याने शाळेत फोन लावला. क्लार्कने त्याला मस्टरमध्ये जे होतं ते वाचून दाखवलं. फोन ठेवून तो म्हणाला, “शाळेच्या रेकॉर्डला आहे, सोडून गेली. स्वतःच्या मर्जीने गेलेली बाई मिसिंग कशी होईल?”

माझी लाल रेघ. एवढंच त्यांना पाहिजे होतं.

गुरुवारी सकाळी प्रार्थनेच्या आधी मिस माझ्याजवळ आल्या. “माझ्याबरोबर चल. मस्टर घे. फक्त एवढं सांगायचं, की हे तू लिहिलंस आणि ती गेल्याचं तुला माहीत नव्हतं. दुसरं काही बोलू नकोस.”

माझं कन्फर्मेशन त्या महिन्यात व्हायचं होतं. तीन वर्षं टेंपररीवर काढली होती. घरी सासू, हप्ते, मुलीची फी, सगळं एकदम आठवलं. अशा वेळी बरोबर आठवतं. मी म्हटलं, “मिस, आज जमणार नाही. सरांना विचारते.” मला वाटलं आता विचारतील. नाही विचारलं. छत्री घेतली आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, मिस दिवसभर चौकीच्या बाकावर बसल्या. शाळेत रजेचा अर्ज नाही, काही नाही. शनिवारी सकाळी वरच्या साहेबांच्या नावाने स्वतःच्या हाताने अर्ज लिहून घेऊन गेल्या आणि परत त्याच बाकावर बसल्या. दुपारी एकदाचं मिसिंग दाखल झालं. फोटो पुढे गेला. आणि त्याच संध्याकाळी उत्तर आलं.

शुक्रवारी, म्हणजे आदल्या आठवड्यातल्या शुक्रवारी, बसमधून उतरून रस्ता ओलांडताना भारतीला टेंपोने उडवलं होतं. कुणीतरी उचलून नेलं. पिशवी, फोन, काही जवळ राहिलं नव्हतं. एका हॉस्पिटलमधून दुसऱ्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलला हलवलं. कागदावर ‘अनोळखी महिला, वय अंदाजे पस्तीस’. हॉस्पिटलने आपल्या हद्दीतल्या चौकीला रीतसर कळवलं होतं. तो कागद तिथे पडून होता. त्याला जोडायला दुसरीकडून कागद यायला हवा होता, तो येत नव्हता.

मिसिंग दाखल व्हायच्या आदल्या दिवशी सकाळी ती गेली होती.

बुधवारी आणि गुरुवारी ती शुद्धीवर होती. हे तिथल्या नर्सने सांगितलं. स्वतःचं नाव सांगता येत नव्हतं, डोक्याला मार होता. पण दुसरी नावं घ्यायची. सारखी, त्याच क्रमाने. अथर्व, रिद्धी, झैद, दोन्ही अनन्या, ग्लेन, छोटा पार्थ. नर्सने भारतीच्या आईला विचारलं, “किती मुलं होती हो तिला?”

तिला मूल नव्हतं. तो दोन नंबरच्या बसचा मार्ग होता, पहिल्या स्टॉपपासून.

बुधवारी कागद झाला असता तर बुधवारी संध्याकाळी आई तिच्या उशाशी असती. ती वाचली असती असं डॉक्टर म्हणाले नाहीत. पण दोन दिवस तिच्याशी कुणीतरी तिच्या नावाने बोललं असतं. हा हिशोब मला रोज करता येतो. मला सरांचा राग येतो, त्या पेन खाली ठेवणाऱ्या माणसाचा येतो, मागच्या टेबलावर हसणाऱ्यांचा येतो, आणि मग राग फिरून जिथे यायचा तिथे येतो.

सोमवारी असेंब्लीत दोन मिनिटं शांतता ठेवली. मग सर माइकवर आले. बसची पोरं पुढच्या रांगेत रडत होती. सर म्हणाले, भारती शाळेच्या कुटुंबातली होती. “वुई विल ऑल मिस हर.”

मिस शिक्षकांच्या रांगेतून पुढे चालत गेल्या. हातात माइक नव्हता, गरजही नव्हती.

“कुठला मिस, सर?”

समोर मैदानावर आठशे पोरं.

“आठवण येईल म्हणताय, की हरवली म्हणताय? ती आपल्याकडून चुकली, की आपण तिला चुकवली? मी या मुलांना हा शब्द शिकवते. त्यांना अर्थ सांगा.”

सर म्हणाले, “मिस, धिस इज नॉट द टाइम.”

“बुधवारी होता,” मिस म्हणाल्या. “तेव्हा तुम्ही लेफ्ट लिहायला लावलं.”

पीटीच्या सरांनी घाईघाईत राष्ट्रगीत लावलं. मिस जिथे होत्या तिथेच सावधान उभ्या राहिल्या, तोंड सरांकडे, आणि सगळं राष्ट्रगीत त्यांनी सरांच्या डोळ्यांत बघत म्हटलं. त्यांनी माझं नाव घेतलं नाही. तेव्हाही नाही, नंतरच्या चौकशीतही नाही. त्याचाही मला राग येतो.

चौकशी झाली ती मिसची. विद्यार्थ्यांसमोर बेशिस्त वर्तन. विनापरवानगी गैरहजेरी. रिटायर व्हायला आठ महिने होते. माफीपत्र द्या आणि राहा, असं सांगितलं गेलं. त्यांनी राजीनामा दिला. स्टाफमधल्या एकानेही त्यांच्या बाजूने सही केली नाही. कपाट रिकामं केलं तेव्हा स्टाफरूममध्ये आम्ही अकरा जण होतो आणि अकरा जण वह्या तपासत होतो. निरोप समारंभ नाही, शाल नाही, फूल नाही. आता फूल टाकतात. फोनवर. त्याच महिन्यात माझं कन्फर्मेशनचं पत्र आलं.

सहा महिने गेले. मग एका रविवारी मी पापडीला गेले. मिस अंगणात पाटावर बसून राजेळी केळी सोलत होत्या, उन्हात वाळवून सुकेळी करायला. त्यांनी मला बघितलं, बस म्हणाल्या नाहीत, जा म्हणाल्या नाहीत. मी उभीच राहिले.

“मिस, मी त्या दिवशी तुमच्याबरोबर यायला…”

“मला माहीत आहे.”

“मला झोप लागत नाही, मिस. मला माफ…”

“मी कोण?” त्यांनी वर न बघता विचारलं. “माझं काय गेलं? नोकरी मी सोडली. तू चुकीच्या घरी आलीस. अर्नाळ्याला जा.”

“त्यांना माहीत आहे? की मी लिहिलं होतं?”

“मी सांगितलं नाही. ते सांगणं माझं काम नाही.”

“त्यांनी हाकलून दिलं तर?”

सालं काढणारा हात थांबला. “हाकलतील. तू काय चहा मिळेल म्हणून जाणार आहेस का?” आणि पुढचं केळं उचललं. मी आणखी दहा मिनिटं उभी होते. त्या केळी सोलत राहिल्या.

तिथून थेट गेले नाही. तीन आठवडे लावले. मग गेले.

घरामागे वाळूवर बांबू रोवून बोंबील टांगले होते, खाली जुन्या जाळ्यावर जवळा पसरलेला. भारतीची आई हाताने तो सारखा करत होती. मला बघून तिने डोळ्यांवर हात धरला. “कोन गं तू?”

“शाळेतली.”

“मिसने पाठवलं?”

“नाही. मी आले.” मग मी सांगितलं. उभ्याउभ्या, सगळं. मस्टर, लाल पेन, फोन, गुरुवार. माझं पत्रसुद्धा. ती ऐकत होती आणि हात जवळ्यावरून फिरत होता.

“काय लिवलं होतंस म्हनालीस?”

“लेफ्ट. म्हणजे… सोडून गेली.”

“कोनाला सोडून?”

तिने बराच वेळ वाट बघितली. खरोखर उत्तर हवं असल्यासारखी. मग गुडघ्यांवर हात टेकून उठली, हात पदराला पुसले आणि घराकडे निघाली. दारात थांबली, पण वळली नाही.

“बसायचं असंल तर बस. ती मिस शनवारी येते, ती कावळे हाकते.”

दार लागलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला. बांबूवर दोन कावळे येऊन बसले होते, तिसरा उतरत होता. जाळ्याच्या कडेला एक काठी पडली होती, टोकाला निळी प्लास्टिकची पिशवी बांधलेली. मी चपला काढल्या आणि ती काठी उचलली.